सामूहिक वनहक्काचा दावा: ग्रामसभेपासून आराखड्यापर्यंत, कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे चुकतं

मला सगळ्यात जास्त वेळा विचारले जाणारे प्रश्न दोनच आहेत. एक, "गावाचं जंगल गावानं सांभाळायचंय, ट्रस्ट कुठे रजिस्टर करायचा?" आणि दुसरा, "दावा टाकला होता, त्रुटी काढून परत आला, आता काय?" दोन्हीच्या मागे एकच घोळ असतो, क्रमाचा. लोक कागदापासून सुरुवात करतात, नकाशा बाहेरून करून आणतात, आणि ग्रामसभा सगळ्यात शेवटी सह्या घ्यायला बोलावतात. कायदा नेमका उलट्या बाजूने चालतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. ट्रस्ट नको, सोसायटी नको, कंपनी तर नकोच. २००६ च्या वनहक्क कायद्यात गावाच्या जंगलाचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करायचा हक्क थेट ग्रामसभेला आहे, कलम ३(१)(आय), आणि हक्क ठरवायची प्रक्रिया सुरू करायचा अधिकारही ग्रामसभेचाच. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये जवळपास १८०० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला तो असाच, ग्रामसभेच्या नावाने.

हे सगळं महाराष्ट्रातल्या गावांसाठी लिहितोय, पाडा असो, टोला असो की वाडी. शहरातून मदत करू बघणाऱ्यांसाठी शेवटचा टप्पा आहे, पण त्यांनीही आधीचे वाचावेत, कारण उत्साहात सगळ्यात जास्त उड्या तेच मारतात.

सुरू करायच्या आधी: नियमांची प्रत बदला

नियम २००८ चे आहेत आणि त्यांच्यात २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. गावोगावी फिरणाऱ्या झेरॉक्स अजून जुन्याच आहेत. जुन्या प्रतीत ग्रामसभेचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, दोन तृतीयांश आहे, नव्यात निम्मा. जुन्या प्रतीत वनहक्क समितीत आदिवासी सदस्य किमान एक तृतीयांश होते, आता किमान दोन तृतीयांश लागतात. आणि वनसंसाधनाच्या, म्हणजे गावाचं जंगल राखायच्या आणि चालवायच्या हक्काच्या, दाव्याचा स्वतंत्र फॉर्म सी जुन्या प्रतीत नाहीच. मी एक गाव असं बघितलंय की दीड वर्ष दोन तृतीयांश माणसं जमत नाहीत म्हणून सभाच झाली नाही, आणि निम्मी माणसं तर दर वेळी येत होती.

तपासा: तुमच्या हातातल्या प्रतीत "नियम १२-अ" सापडतो का बघा. नसेल तर ती बाजूला ठेवा आणि दुरुस्तीसकटची प्रत मिळवा.

टप्पा १: तुमची ग्रामसभा नक्की कुठली

ग्रामपंचायतीची ग्रामसभा आणि वनहक्काची ग्रामसभा एकच असेल असं नाही. गट ग्रामपंचायतीत चार-पाच गावं असतात, प्रत्येकाचं जंगल वेगळं, वहिवाट वेगळी. पेसा क्षेत्रात (म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या अनुसूचित क्षेत्रात) वस्ती किंवा पाडासुद्धा गाव ठरू शकतो, आणि पेसाच्या बाहेरही पारंपरिक गाव, वनगाव, नोंद नसलेली वस्ती यांचा वनहक्क कायद्यातल्या "गाव" या शब्दात समावेश आहे. त्याच्यामुळे जे लोक एका जंगलात जातात, एका देवाला नारळ फोडतात, एकमेकांच्या भानगडी एकत्र बसून मिटवतात, त्यांची सभा ती तुमची ग्रामसभा असं धरून चाला.

पंचायतीच्या पातळीवर पाच गावांचा एकच दावा केला की सुरुवातीला सोपं वाटतं, एकच फाइल, एकच नकाशा. पण हक्क मिळाल्यावर बांबू कुणी तोडायचा, पैसे कुठल्या गावाचे, आग लागली तर विझवायला कोण धावणार यावरून दोन वर्षांत भांडणं लागतात. वेगळे दावे करा, मेहनत जास्त पडली तरी चालेल.

टप्पा २: सभेची वेळ आणि कोरम

कोरमचं गणित आधी कागदावर करा. समजा टोल्यात १८ वर्षांवरची माणसं २४० आहेत, तर १२० हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया, म्हणजे १२० मध्ये ४०. मतदारयादी आधाराला घ्या पण तिच्यावरच थांबू नका, नाव यादीत नसलेली प्रौढ व्यक्तीही ग्रामसभेची सदस्य असते, तेव्हा घरोघर फिरून स्वतःची यादी बनवा.

तारीख ठरवताना कॅलेंडर नको, हंगाम बघा. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो, बाया पहाटे अंधारात टोपली घेऊन निघतात त्या उन्ह चढल्यावर परत येतात, सकाळची सभा ठेवली की अर्ध्या बाया नाहीत. मे महिन्यात तेंदूपत्ता. पावसाळ्यात रोवणी. आणि गडचिरोली-चंद्रपूरकडे धान मळून झालं की माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, ती महिना-दोन महिने येतच नाहीत. म्हणून धान घरात आलंय आणि गाडी अजून निघाली नाही ते मधले दोन-तीन आठवडे धरा, गाव भरलेलं असतं. सभा संध्याकाळी, जेवणं लवकर आटपून, बायांना सोयीच्या जागी.

जपून: सभा झाल्यावर रजिस्टर घेऊन घरोघर सह्या गोळा करू नका. हे खूप ठिकाणी चालतं आणि हेच पुढे अंगाशी येतं. एकाच दिवशी नागपूरला दवाखान्यात भरती असलेल्या माणसाची सही सभेच्या रजिस्टरात निघाली की सगळा दावा खोटा म्हणायला कारण मिळतं. कोरम नाही झाला तर तसं प्रोसिडिंगमध्ये लिहा, सभा तहकूब करा, पुढची तारीख लावा. लाज वाटायचं काही कारण नाही.

तपासा: प्रोसिडिंग बुकात तारीख, जागा, सुरू झाल्याची वेळ, एकूण प्रौढ किती, हजर किती, त्यात बाया किती. मध्ये रिकाम्या ओळी सोडू नका. अंगठा असेल तर शेजारी नाव लिहा.

टप्पा ३: वनहक्क समिती

याच सभेत दावे घेणारी आणि पडताळणारी वनहक्क समिती निवडायची. १० ते १५ जण, त्यात किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे, आणि किमान एक तृतीयांश बाया. गावात अनुसूचित जमातीचं कुणीच नसेल तरी बायांचा एक तृतीयांश वाटा राहतोच. समिती आपल्यातून अध्यक्ष आणि सचिव निवडते आणि प्रांताधिकाऱ्यांच्या उपविभागीय समितीला कळवते. त्याच सभेत दावे मागवायचा ठराव करा, मुदत तीन महिन्यांची असते आणि कारण लिहून ग्रामसभा ती वाढवू शकते.

दोन चुका हमखास होतात. पहिली, गावात आधीपासून असलेली संयुक्त वन व्यवस्थापन समिती हीच वनहक्क समिती म्हणून लावून टाकतात. ती समिती वनविभागाच्या योजनेतली, ही कायद्यातली, दोघींचं काम, पैसा, अधिकार सगळं वेगळं आहे. दुसरी चूक म्हणजे सरपंच, पोलीस पाटील, एक शिक्षक आणि उरलेली नावं भरतीला. समितीत जंगलात रोज जाणारी माणसं घ्या, गुराखी घ्या, मोह वेचणाऱ्या आणि कंद खणणाऱ्या बाया घ्या, कारण पुढचे दोन टप्पे पायाने चालायचे आहेत.

टप्पा ४: पुरावे गोळा करणं

इथे लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि सगळ्यात कमी घाबरायला पाहिजे ते इथेच. वैयक्तिक शेतीच्या दाव्यासारखं एकेका घराचं जुनं कागदपत्र इथे शोधत बसायचं नसतं. गाव हे जंगल कसं वापरत आलंय एवढं दाखवायचं आहे, आणि एकापेक्षा जास्त पुरावे पाहिजेत. तीन ढीग करा.

पहिला ढीग सरकारी कागदांचा. विदर्भात निस्तारपत्रक हा सगळ्यात भक्कम कागद, त्यात गावाला कुठल्या जंगलातून जळण, चराई, लाकूड घ्यायची मुभा होती ते लिहिलेलं असतं, वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावाच्या रूढी-वहिवाटीची जुनी सरकारी नोंद, असेल तर तोही. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मागा, नाही मिळाली तर माहिती अधिकारात मागा. गॅझेटियर, जनगणना, जुना गावनकाशा, वनविभागाचा कार्य आयोजना आराखडा हेही चालतं.

दुसरा ढीग म्हाताऱ्या माणसांच्या जबाबांचा. याला कमी समजू नका, नियमांत हा पुरावा म्हणून स्पष्ट दिलाय. पण जबाब सगळ्यांचे एकाच छापाचे टाइप करून आणू नका. "आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर अवलंबून आहोत" हे वाक्य वीस जबाबांत तसंच्या तसं आलं की वाचणाऱ्याला कळतं. प्रत्येकाला एक-एक जागा विचारा. मासे कुठे धरायचा? गुरं कुठल्या बोडीवर पाणी प्यायची? चारोळी कुठल्या टेकडीवर? प्रेत कुठे पुरायचे?

तिसरा ढीग जागेवरच्या खुणांचा, म्हणजे देवाची झाडं, पेनठाणं (गोंडांच्या देवांच्या जागा), जुनी विहीर, पडलेल्या घरांचे चौथरे, गुरांच्या वाटा, दफनभूमी. खरं सांगायचं तर हा ढीग बसून होत नाही, चालताना होतो. एकदा शिवेच्या फेरीत आमच्यासोबत सत्तरीच्या पुढची एक आजी होती, तिला लोक म्हणत होते तू घरीच थांब. नाल्याच्या एका वळणावर ती थांबली, काठीनं पाण्यातले दगड दाखवले आणि म्हणाली, "इथं आमी अंबाडी भिजू घालत होतो, दोराले." डोहात अजून पाच-सहा चपटे दगड ओळीने पडलेले होते, अंबाडीच्या पेंढ्या दाबून धरायचे. बरोबरच्या पोरांनी तो नाला हजार वेळा ओलांडला असेल पण त्यांना ते दगड काय आहेत ते माहीत नव्हतं. आम्ही तिथेच बसून तिचा जबाब लिहिला, दगडांचा फोटो काढला, मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश घेतले. एका जागी जबाब, खूण आणि नकाशावरचा बिंदू तिन्ही जुळले. असे आठ-दहा बिंदू मिळाले की दावा उभा राहतो.

जपून: कुणी म्हणालं की अमुक एकच कागद आणा नाहीतर दावा घेणार नाही, तर नियम १२-अ दाखवा. विशिष्ट प्रकारच्याच कागदाचा हट्ट उपविभागीय किंवा जिल्हा समितीला धरता येत नाही. उपग्रहाचा फोटो पूरक म्हणून चालतो, बाकी पुराव्यांच्या जागी नाही.

गावात अनुसूचित जमातीचे लोक नसतील, सगळेच इतर पारंपरिक वननिवासी असतील, तर १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षं इथे राहून जंगलावर अवलंबून असल्याचं दाखवावं लागतं. अशा गावांनी वंशावळ आणि जुनी जनगणना यांच्यावर जास्त वेळ द्यावा.

टप्पा ५: शिवेची फेरी आणि नकाशा

हा टप्पा कुणालाही ठेक्याने देऊ नका. कॉम्प्युटरवर बसून वनविभागाचे कक्ष (त्यांनी जंगलाचे पाडलेले नंबरवार तुकडे) जोडून केलेला नकाशा दिसायला सुंदर असतो आणि गावाच्या वहिवाटीशी त्याचा पत्ता नसतो. कायदा म्हणतोय पारंपरिक सीमा. कक्षाची रेषा टेकडीच्या मधून जाते, गावाची शिव नाल्याने आणि धुऱ्याने जाते.

क्रम असा ठेवा.

१. गावातच जमिनीवर रांगोळीने किंवा चुन्याने नकाशा काढा, बायांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा. दोन्हींत फरक येतो, आणि तो फरक महत्त्वाचा आहे. पुरुष दूरच्या टेकड्या दाखवतात, बाया जवळची भाजी, जळण आणि पाण्याच्या जागा.

२. शेजारच्या प्रत्येक गावाला आधी चिठ्ठी द्या, अमुक दिवशी आम्ही शिवेने चालणार आहोत, तुमची माणसं पाठवा. हे विसरलात तर पुढचं सगळं वाया.

३. चालायला सुरुवात पहाटे. बरोबर दोन मोबाइल आणि त्यांची बॅटरी, पाणी, गावनकाशाची प्रत, एक वही. मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवलंत तरी प्रत्येक वळणावर बिंदू वेगळा टिपा आणि वहीत त्याचं गावातलं नाव लिहा. गोंडी, माडिया, कोरकू, वारली, जे नाव लोक घेतात तेच, त्याचं मराठी करू नका.

४. वाटेत वनविभागाचे मुनारे, म्हणजे हद्दीचे खांब, लागतील, त्यांचे नंबर लिहा. शिव मुनाऱ्याच्या आत जाते की बाहेर तेही.

५. शेजारच्या गावाशी जिथे एकमत झालं तिथे त्याच ठिकाणी दोन्ही समित्यांच्या सह्यांचं पत्र करा. झालं नाही तर दोन्ही समित्या एकत्र बसून निष्कर्ष आपापल्या ग्रामसभेपुढे ठेवतात, तिथेही सुटलं नाही तर मग उपविभागीय समिती. पण माझा अनुभव सांगतो, शिवेवर झाडाखाली बसून बहुतेक वाद मिटतात, कचेरीत गेले की चिघळतात. एकाच पट्ट्यात दोन्ही गावं मोह वेचत असतील तर रेषा मारायचा हट्ट सोडा, सामाईक वापर म्हणून लिहा.

तपासा: झुडपी जंगल, अभयारण्याचा भाग, राखीव, संरक्षित, जे जे गाव वापरत आलंय ते नकाशात आलं का? "ते राखीव आहे म्हणून सोडलं" ही फार मोठी चूक आहे, कायद्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत राखीव वन, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान सगळं येतं. एकदा सोडलेला भाग नंतर मागून घ्यायला वर्षं जातात.

टप्पा ६: पडताळणीची नोटीस आणि पोच

हा टप्पा छोटा आहे पण दावे सगळ्यात जास्त इथे अडकतात. समितीने वनविभाग आणि महसूल दोघांना पडताळणीची तारीख लेखी कळवायची, आणि दोघांच्या माणसांनी हजर राहून पद, तारीख, शेरा टाकून सही करायची असते. ते आले नाहीत तरी तुमची पडताळणी आणि पंचनामा करा. पुढे ते म्हणाले की आमचा माणूस नव्हता, तर दावा एकदा फेरपडताळणीला ग्रामसभेकडे परत येतो, आणि दुसऱ्यांदाही ते आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम.

पण हे सगळं एका कागदावर टिकून आहे, नोटिशीची पोच. बीट गार्डला फोन केला, व्हॉट्सअ‍ॅप केलं, तोंडी सांगितलं, याला काही अर्थ नाही. आवक विभागाचा शिक्का आणि तारीख असलेली प्रत घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाइलला लावा.

टप्पा ७: फॉर्म भरणं आणि ठराव

आता कुठे फॉर्मची वेळ आली बघा. दोन फॉर्म भरायचे असतात आणि लोक एकच भरतात. फॉर्म बी हा सामूहिक हक्कांचा, म्हणजे निस्तार (घरगुती गरजेपुरता जंगलाचा वापर), गौण वनउपज (मोह, तेंदू, बांबू असा लाकडाखेरीजचा माल), चराई, मासे, पाणी. फॉर्म सी हा सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे जंगल राखायचा आणि चालवायचा हक्क. फक्त बी भरला तर मोह वेचता येईल पण व्यवस्थापनावर तुमचा शब्द चालणार नाही. फक्त सी भरला तर उपजाबद्दल नंतर वाद काढतात. दोन्ही एकाच वेळी द्या. अक्षर बघून फॉर्म निवडू नका, मथळा वाचा.

फॉर्म सीला ग्रामसभा सदस्यांची यादी लागते, प्रत्येकापुढे अनुसूचित जमाती की इतर पारंपरिक वननिवासी ते लिहून. मिश्र गाव असेल तर घाबरू नका, फॉर्ममध्येच लिहिलंय की असे थोडे सदस्य असले तरी दावा करता येतो. कक्ष क्रमांक माहीत असतील तर लिहा, सीमेवरच्या गावांची नावं लिहा, पुराव्यांची यादी क्रमांक घालून लावा.

मग परत ग्रामसभा, परत कोरम. समिती आपले निष्कर्ष वाचून दाखवते, नकाशा भिंतीवर लावा, बोट ठेवून सांगा, गोंडी बोलणाऱ्या गावात गोंडीतून सांगा. हरकती विचारा आणि आलेल्या हरकती प्रोसिडिंगमध्ये लिहा. मग ठराव.

तपासा, तारखांची साखळी: समिती निवडल्याची तारीख, त्याच दिवशी किंवा त्यानंतर दावे मागवल्याची, त्यानंतर नोटीस, त्यानंतर पडताळणी, त्यानंतर ठराव. एक जरी तारीख उलटी पडली, उदाहरणार्थ समिती मार्चमध्ये आणि पडताळणी फेब्रुवारीत, तर दावा परत यायला तेवढं कारण पुरतं. मी प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर पेन्सिलने पाचही तारखा लिहून बघतो.

टप्पा ८: दावा देणं आणि परत आला तर

दावा प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या उपविभागीय समितीकडे जातो, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हास्तरीय समितीकडे. मूळ फाइल देताना दोन पूर्ण प्रती गावात ठेवा, एक समितीकडे, एक वेगळ्या घरात. पोच घ्या. दर महिन्याला लेखी विचारणा करा.

परत आला तर आधी बघा कारण लेखी आहे का. समितीला दावा नाकारायचा किंवा बदलायचा असेल तर तिने तो कारणांसह फेरविचारासाठी ग्रामसभेकडे पाठवायचा असतो. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे ६० दिवसांत दाद मागता येते, उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे ६० दिवसांत. अनुसूचित क्षेत्रात राज्यपालांच्या २०२० च्या अधिसूचनेनंतर जिल्हा समितीच्या वर विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडेही अपील करता येतं. मुदत मोजायला सोपं जावं म्हणून आदेश हातात आला त्या दिवशीच त्याच्या मागे तारीख आणि घेणाऱ्याचं नाव लिहा.

टप्पा ९: अधिकारपत्र मिळालं, आधी वाचा

कार्यक्रम होतो, हार-तुरे, फोटो, आणि पत्र लॅमिनेट होऊन कपाटात जातं. थांबा, आधी चार गोष्टी बघा. नाव ग्रामसभेचं आहे ना, पंचायतीचं किंवा एखाद्या समितीचं तर नाही? क्षेत्र तुमच्या नकाशाएवढं आहे का? सीमा नीट लिहिल्यात का? आणि अटी. वनसंसाधनाच्या अधिकारपत्राचा जो नमुना नियमांत आहे त्यात कायदा आणि नियमांबाहेरच्या कुठल्याही अटी घातल्या जात नाहीत असं स्पष्ट वाक्य आहे. "वनविभागाच्या परवानगीच्या अधीन" वगैरे घुसडलं असेल तर लगेच ग्रामसभेचा ठराव करून दुरुस्ती मागा. नंतर महसूल आणि वन दोन्हींच्या नोंदींत हा हक्क चढायला पाहिजे, जास्तीत जास्त तीन महिन्यांत, त्याचा पाठपुरावाही तुम्हालाच करावा लागेल.

टप्पा १०: व्यवस्थापन समिती आणि आराखडा

वनहक्क समितीचं काम इथे संपलं. आता नियम ४(१)(ई) प्रमाणे दुसरी समिती, जंगल सांभाळणारी. ग्रामसभेच्या नावाने बँक खातं उघडा, सह्या दोघा-तिघांच्या, त्यात एक बाई. खर्चाचा हिशेब प्रत्येक सभेत तोंडी वाचायचा हे पहिल्या दिवसापासून ठरवा, पैसा आल्यावर नाही.

वाहतूक परवान्याबद्दल फार गैरसमज आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गौण वनउपजावर रॉयल्टी लागत नाही आणि वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देते. मेंढ्याला २००९ मध्ये हक्क मिळूनही बांबूचं परवाना पुस्तक एप्रिल २०११ मध्ये हातात पडलं, ते द्यायला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः आले होते. बांबू हा कायद्याने गौण वनउपज आहे, ज्याला हे माहीत नाही त्याला कलम २(आय) दाखवा.

आराखडा मोठा करू नका. मी शंभर पानांचे आराखडे बघितलेत, गावात एकानेही वाचलेले नाहीत. दहा पानं पुरतात, पण ती गावानं बोलून लिहिलेली पाहिजेत. जंगलाचे पट्टे पाडा, प्रत्येक पट्ट्याला नियम लावा. कुठे काहीच तोडायचं नाही, कुठे यंदा चराई बंद, कुठे बांबू. बांबूत एक-दोन वर्षांचे कोवळे कोंब राखायचे, पावसाळ्यात तोड बंद, आणि तोड जमिनीजवळ पहिल्या पेराच्या वर, नाहीतर खुंटात पाणी साचून बेट कुजतं. जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवायचे पट्टे, फेब्रुवारीतच साफ, आग लागल्यावर नाही.

उत्पन्नाचा मोह आवरणं हा आराखड्याचा खरा भाग आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हजार हेक्टरच्या वर जंगलाचा हक्क मिळाला आणि त्यांनी तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, कारण चांगल्या पानासाठी झाडं छाटतात, आगी लावतात. रोख पैसा सोडला आणि बांबूवर भर दिला. हा निर्णय बाहेरून कुणी सांगितला असता तर टिकला नसता. तुमच्या गावाने तेंदू चालू ठेवायचं ठरवलं तरी ठेकेदाराशी करार ग्रामसभेच्या ठरावाने, दर आणि पैसे द्यायची तारीख लिहून, आणि अनामत खात्यात आल्याशिवाय एक पुडा बांधायचा नाही. हंगामानंतर पैसे बुडालेली घरं मी बघितली आहेत, त्या बायांनी उन्हातान्हात पानं खुडली होती.

टप्पा ११: बाहेरच्या लोकांना बोलवायचं असेल तर

बाहेरची मदत हवीच असते, नकाशाला, झाडाझुडपांच्या मोजणीला, हिशेब शिकायला, माल विकायला. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने आपल्या जंगलातली सीताफळं शहरातल्या बाजारापर्यंत नेली, त्याला शहरातली माणसं सोबत लागलीच. फक्त बोलावणं गावाकडून जायला पाहिजे, आणि तेही या क्रमाने.

१. ग्रामसभेत ठरवा की काय पाहिजे. "मदत करा" असं मोघम नको. "डिसेंबरात चार दिवस, मोबाइलवर नकाशा करता येणारी तीन माणसं, राहायची सोय शाळेत, जेवण गावात" असं नेमकं लिहा.

२. काय मिळणार नाही तेही त्याच पत्रात लिहा. हा हक्क विकता येत नाही, कुणाच्या नावावर करता येत नाही, त्यामुळे देणगीच्या बदल्यात प्लॉट, झाड, कॉटेज काही नाही. असं आमिष दाखवून कुणी तुमच्या नावाने पैसे गोळा करत असेल तर ताबडतोब ठराव करून जाहीर नाकारा.

३. देणगी फक्त ग्रामसभेच्या खात्यात, पावतीसकट. कार्यकर्त्याच्या वैयक्तिक नंबरवर नाही, तो कितीही भला असो.

४. वनस्पती, औषधं, जुने उपचार यांची माहिती घेणाऱ्याकडून आधी लिहून घ्या की ती कशासाठी आणि तिची एक प्रत मराठीत गावात राहील. देवाच्या जागांचे फोटो काढायचे की नाही ते गाव सांगेल.

५. बाहेरचा माणूस अभ्यासाला बसेल, बोलेल, पण मत देणार नाही आणि समितीत येणार नाही. मेंढ्यात अभ्यासगटात बाहेरचे लोक बसतात, निर्णय मात्र गावाच्या सभेत सर्वसहमतीने होतो.

शहरातून जाणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती, पहिल्या फेरीत काहीही सुचवू नका. एक दिवस मोह वेचायला जा, एक दिवस शिवेने चाला. जाताना वही आणि पेन घ्या, ड्रोन घरी ठेवा. आणि परत आल्यावर महिन्याच्या आत तुमचा नकाशा, यादी, फोटो, जे काही केलं असेल ते छापून गावात पाठवा, पेन ड्राइव्ह नको, कागदावर, म्हणजे पुढच्या सभेत तो भिंतीवर लागेल आणि ज्या आजीनं जागा दाखवली तिला त्याच्यावर बोट ठेवून "हे चुकलं, नाला इकडून वळतो" असं सांगता येईल.